शस्त्रप्रदर्शने भरवणाऱ्या मंडळांना खुले पत्र : 'अस्सल शिवकालीन' प्रमाणपत्रे देणे थांबवा

राज्यात ऐतिहासिक शस्त्रांची प्रदर्शने भरवणाऱ्या सर्व मंडळांचे अध्यक्ष, कार्यवाह व संयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

शिवजयंती, शिवराज्याभिषेक दिन आणि दसरा या निमित्तांनी आपण गावोगावी जुन्या शस्त्रांची प्रदर्शने भरवता. यंदापासून आपल्यापैकी काही मंडळांनी, प्रदर्शनात मांडलेल्या प्रत्येक शस्त्राच्या मालकाला मंडळाच्या शिक्क्यानिशी 'अस्सल शिवकालीन शस्त्र' असे प्रमाणपत्र देण्याचे ठरवले आहे. ज्या प्रदर्शनाला मी अनेक वर्षे माझ्याकडची शस्त्रे देत आलो, तेथूनही मला तसे पत्र आले आणि सोबत शस्त्रांची यादी, फोटो व प्रत्येक शस्त्रामागे ठरावीक शुल्क मागवण्यात आले. शस्त्रे पाहायला कोण येणार, असे मी विचारले, तेव्हा 'फोटोवरून कळतं' असे उत्तर मिळाले. मी यादी पाठवली नाही. माझी हरकत एका मंडळापुरती नसल्यामुळे आणि या प्रमाणपत्रांचा परिणाम प्रदर्शनाच्या मांडवाबाहेर फार दूरवर होणार असल्यामुळे, ती खासगी पत्रात न मांडता जाहीरपणे मांडतो आहे.

माझा या विषयाशी संबंध काय, हे आधी सांगणे योग्य होईल. माझी उमेदीची वर्षे एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. पोलाद कसे कापले जाते, घासले जाते, तापवले आणि विझवले की त्याच्या अंगावर काय उमटते, हे पाहण्यातच पोट भरले. आमच्या घरी खंडेनवमीला पूजली जाणारी एक धोप, म्हणजे लांब सरळ पात्याची तलवार, आहे आणि तिच्यामुळेच मला जुन्या शस्त्रांचा नाद लागला. ती कोणत्या पूर्वजाने कोणत्या लढाईत चालवली, याचा एकही कागद आमच्याकडे नाही, म्हणून तिच्याबद्दल मी 'घरातली जुनी धोप' एवढेच सांगतो. माझ्या संग्रहात एकही नामांकित तलवार नाही. आहेत त्या साध्या शिपायांच्या तलवारी, दोन-तीन कट्यारी, एक बिचवा आणि खोबळा, म्हणजे हात झाकणारी लोखंडी मूठ, चेपलेला एक पट्टा. ही साधी शस्त्रेच आज सर्वांत जास्त धोक्यात आहेत, आणि तो धोका आपल्या प्रमाणपत्रांमुळे वाढणार आहे.

आपल्या कामाबद्दल माझ्या मनात आदर आहे. ज्या तालुक्यांत एकही संग्रहालय नाही, तिथल्या मुलांनी पट्टा, खांडा आणि वाघनखे प्रथम पाहिली ती आपल्या मांडवात, आणि २०२४ साली दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, त्याआधीपासून तो मुलांच्या हाती देणारे आखाडेही पुष्कळदा आपल्याच मंडळांचे आहेत. म्हणूनच आपण लावलेल्या पाटीवर लोक विश्वास ठेवतात. अस्सल आणि बनावट यांतला व्यापार या विश्वासावरच चालतो.

तलवारीच्या बाजारात लोखंडापेक्षा तिच्यामागच्या हकिकतीला भाव असतो. २०२३ च्या मे महिन्यात टिपू सुलतानाच्या शयनकक्षातील तलवार लंडनच्या लिलावात सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांना गेली, कारण १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर ती जनरल बेअर्डकडे गेल्याचा इतिहास तिच्यामागे उभा होता. २०२५ च्या एप्रिलमध्ये नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार आपल्या राज्य शासनाने लंडनच्याच लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना परत मिळवली, कारण पात्यावर सोन्यात त्यांचे नाव होते. या दोन बातम्या छापून आल्यावर जुन्या बाजारात काय झाले असेल, याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही. नाव नसलेल्या तलवारींना नाव देण्याचा उद्योग आधीपासून होता. आता त्याला उत्तेजन मिळाले आहे, आणि नाव दिलेली तलवार पहिल्यांदा लोकांसमोर येते ती बहुधा एखाद्या प्रदर्शनात. तिथे तिच्यासमोर पाटी लागते, पाहुण्यांसोबत तिचा फोटो निघतो, स्थानिक वर्तमानपत्रात दोन ओळी येतात आणि काही महिन्यांनी हे सगळे कात्रण-फोटो एका फायलीत लावून तीच तलवार दुसऱ्या जिल्ह्यातल्या एखाद्या हौशी माणसाला विकली जाते. या फायलीत आजवर कमी होते ते फक्त मंडळाचे प्रमाणपत्र.

माझी पहिली तक्रार 'शिवकालीन' या सरसकट पाटीबद्दल आहे. शिवाजी महाराजांचा काळ १६३० ते १६८०. आपल्या प्रदर्शनांत या पाटीखाली मी पेशवाईतल्या, संस्थानी काळातल्या आणि सरळसरळ इंग्रजी लष्करातल्या तलवारी पाहिल्या आहेत. इंग्रजांच्या हलक्या घोडदळाची १७९६ च्या नमुन्याची तलवार ओळखायला अवघड नाही. पाते बाकदार आणि रुंद, टोकाकडे आणखी पसरलेले, दोन्ही अंगांना एकच रुंद पन्हळ. ही पाती हिंदुस्थानात फार लोकप्रिय झाली आणि त्यांना आपल्याकडच्या मुठी बसवल्या गेल्या. त्यात फसवणूक काहीच नव्हती, कारण वापरणाऱ्याला चांगले पाते हवे होते. फसवणूक आज होते, जेव्हा त्याच पात्यापुढे 'पानिपतच्या रणांगणावरील तलवार' असे लिहिले जाते. पानिपत १७६१ चे आहे. तीच गत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदी रिसाल्यांसाठी बर्मिंगहॅममध्ये बनलेल्या तलवारींची. त्यांच्या पात्यावर मुठीजवळ 'आयएसडी', म्हणजे इंडिया स्टोअर्स डिपार्टमेंट, हा छाप असतो. छाप घासून काढला की तलवारीचे वय एका दुपारीत दोनशे वर्षांनी वाढते. घासलेल्या जागी पात्याची जाडी किंचित कमी झालेली असते आणि उजेडात तिरपे धरले की तिथे एक उथळ खळगा दिसतो. फोटोत तो दिसत नाही.

दुसरी तक्रार गंभीर आहे आणि तिच्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. निखालस नवी, उदयपूर किंवा देहरादूनच्या कारखान्यात बनलेली तलवार जुनी म्हणून विकली गेली, तर एका माणसाचे पैसे बुडतात. तलवार बनवणाऱ्या कारागिराचा त्यात दोष नसतो, कारण तो ती नवी म्हणूनच विकतो. पण जेव्हा खरोखर जुन्या, परंतु निनावी तलवारीवर नवे नाव कोरले जाते, पितळेचे नवे टाके, म्हणजे ठिपके, बसवले जातात, दुसऱ्याच तलवारीची मूठ चढवली जाते, तेव्हा एक खरी वस्तू कायमची नासते. तिने जे सांगितले असते ते पुन्हा कुणालाच वाचता येत नाही.

एका प्रदर्शनात काचेबाहेर ठेवलेली सरळ, परदेशी पात्याची एक फिरंग मी भिंगातून पाहिली होती. पाते खरे होते. जुना गंज काळपट तपकिरी, लोखंडाला घट्ट धरून बसलेला, कुठे खोल तर कुठे नुसता डागासारखा. पात्याच्या पाठीलगत एका सरदाराचे नाव पिवळ्या अक्षरांत होते. त्यातल्या एका अक्षराचा काना गंजाच्या खळग्यावरून गेला होता. अक्षर आधीचे आणि गंज नंतरचा असता, तर गंजाने त्या कान्याची कड खाल्ली असती, रेघ त्या जागी तुटली किंवा बोथट झाली असती. इथे रेघ खळग्याच्या काठावरून आत उतरली होती आणि तळाशीही तितकीच धारदार होती. खळगा जुना, अक्षर नवे, याला दुसरा अर्थ नाही. शिवाय प्रत्येक शब्दाची शिरोरेषा वेगळी, दोन शब्दांत नीट मोकळी जागा आणि सगळी अक्षरे लग्नपत्रिकेवरच्या टंकासारखी एका मापाची. जुन्या देवनागरी लेखनात शब्द तोडून लिहिण्याची आजच्यासारखी रीत नव्हती, आणि छिन्नीने कोरणाऱ्याच्या हातून दोन 'र' हुबेहूब सारखे येत नसतात. सोन्याचे म्हणाल, तर कोफ्तगरीत आधी लोखंडाच्या अंगावर बारीक आडव्या-उभ्या रेघांची जाळी पाडतात आणि त्या जाळीत सोन्याची तार ठोकून बसवतात. त्यामुळे सोने झिजले तरी खालची जाळी दिसत राहते. त्या फिरंगीवर पिवळा रंग खरवडल्यावर खाली गुळगुळीत लोखंड होते. संयोजकांना मी हे तिथल्या तिथे दाखवले. पाटी प्रदर्शन संपेपर्यंत तशीच होती.

फिरंग्यांच्या बाबतीत आणखी एक विचित्र प्रकार चालतो. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीजांच्या मार्फत आणि इतर वाटांनी युरोपातली पाती, विशेषतः जर्मनीतल्या झोलिंगेनची, दख्खनेत येत असत आणि त्यांना इथल्या लोहारांनी इथली मूठ चढवली. त्यांच्या अंगावर धावत्या लांडग्याचे किंवा इतर परदेशी छाप असतात. ही आपल्या शस्त्रपरंपरेची लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजाकडे गेलेल्या आणि आज ब्रिटनच्या राजसंग्रहात असलेल्या जगदंबा तलवारीच्या पात्यावर तीन वेळा 'आयएचएस' हा ख्रिस्ती छाप आहे. रघुजी भोसल्यांच्या तलवारीवरचा मजकूर तर 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग' असा असून, पाते परके आहे हे त्याने स्वतःच सांगितले आहे. पण आपल्या मांडवात परकी अक्षरे दिसली की प्रेक्षक नाक मुरडतात, प्रेक्षक नाक मुरडतात म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडते, आणि मग विक्रेता ती अक्षरे ग्राइंडरला लावून तिथे 'जय भवानी' किंवा राजमुद्रेतला श्लोक कोरून घेतो. राजमुद्रा कागदावर उमटवण्यासाठी होती. ती पात्यावर दिसली की तलवार आपल्या काळातली आहे, निदान तेवढा भाग तरी आपल्या काळातला आहे, असे समजायला हरकत नाही. मी तर असेही पाते पाहिले आहे, ज्यावर '१६७४' हे साल इसवी सनात कोरले होते. राज्याभिषेक झाला तेव्हा इथे शके १५९६ चालू होते आणि मराठी दरबारात इसवी सन लिहून घेण्याची रीत नव्हती.

टाक्यांची गोष्ट याच जातीची आहे, आणि तिला आपले स्वयंसेवक थेट जबाबदार आहेत. पात्यावर पितळेचा एक टाका म्हणजे शंभर शत्रू मारले, असे मांडवात मुलांना सांगितले जाते. कुठे हाच हिशोब पन्नासाचा असतो, कुठे पाचशेचा. या हिशोबाला समकालीन कागदाचा आधार मी आजवर पाहिलेला नाही. पात्यात पितळेचे वा तांब्याचे ठिपके बसवण्याची पद्धत मात्र जुनी आणि अनेक देशांतली आहे. त्यांचा उपयोग शुभचिन्ह म्हणून, सजावटीसाठी आणि क्वचित पोलादातले छिद्र बुजवण्यासाठीही होत असे. आपण सांगितलेल्या गोष्टीचा बाजारात झालेला परिणाम असा, की चांगल्या पात्यांना ड्रिलने भोके पाडून त्यांत पितळेची तार ठोकली जाते, कारण टाके असलेल्या तलवारीला जास्त भाव मिळतो. ड्रिलचे भोक तळापर्यंत एकसारखे गोल असते, हाताने टोचलेले तसे नसते. नव्या टाक्याभोवतीचा गंज घासून निघालेला असतो आणि टाका पात्याच्या पातळीत चमकत बसलेला असतो. जुना टाका पात्याबरोबर झिजलेला, मळलेला आणि बहुधा एका बाजूने खचलेला दिसतो.

मुठीबद्दल एवढेच सांगतो, की जुन्या तलवारीची मूठ बदललेली असणे हा दोष नाही. एका पात्याला चार पिढ्यांत तीन मुठी मिळाल्या असतील. परंतु हा बदल केव्हाचा आहे, ते मुठीच्या आत कळते. तलवारीच्या मुठीच्या पोकळीत पात्याची शेपटी गरम लाखेत बसवत असत, आणि खांडा वा धोपेच्या मुठीला पात्यावर उतरणाऱ्या पट्ट्यांत रिव्हेट मारत असत. लाख जुनी झाली की कडेने चिरते, सुईने टोकरली तर कण सुटतात आणि तापवली तर लाखेचा वास येतो. आजची मूठ इपॉक्सीने चिकटवलेली असते. ती सुईला दाद देत नाही. साच्यात ओतलेल्या मुठीवर बारीक बुडबुड्यांच्या खुणा आणि साच्याची शिवण सापडते, तर घडवलेल्या मुठीला जोड असला तरी तो पितळेने सांधलेला असतो. परजेच्या, म्हणजे बोटांपुढच्या आडाच्या, आत, मुठीतल्या गादीच्या खाली, जिथे कापड पोचत नाही अशा जागी पाहावे. घरात पूजल्या गेलेल्या तलवारीच्या त्या कोपऱ्यांत कुंकू, तेल आणि धूळ यांचा कडक थर जमलेला असतो. माझ्या मते तो थर ही त्या तलवारीची सर्वांत प्रामाणिक साक्ष आहे, आणि विक्रेते कॉस्टिक सोड्यात मूठ उकळून पहिल्यांदा तोच काढून टाकतात.

जौहरदार पात्यांबद्दलही आपल्या पाट्यांवर फार ढिलाई असते. दख्खनेत, विशेषतः आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमच्या परिसरात, मुशीत वितळवून केलेले पोलाद देशोदेशी जात असे, आणि त्या पोलादाच्या पात्यावर हिराकसाचा हात फिरवला की पाण्यासारखी नक्षी उमटत असे. ती नक्षी पोलादाच्या अंगभूत रचनेतून येते. घासून काढली तरी पुन्हा उमटवता येते. हल्ली दोन जातींच्या पोलादाचे थर एकत्र ठोकून केलेले किंवा नुसत्या तेजाबाने वर नक्षी काढलेले पाते याच नावाने मांडले जाते. पहिल्याची नक्षी लाकडाच्या शिरांसारखी ठळक, मोठी आणि एका तालात असते. दुसऱ्याची बारीक घासकागदाच्या एका हाताने निघून जाते. अर्थात प्रदर्शनात कुणी घासून पाहावे असे मी सुचवत नाही.

तिसरी तक्रार सफाईची. उद्घाटनाच्या आदल्या रात्री तारेच्या ब्रशने आणि बफिंग मशीनवर शस्त्रे चमकवण्याची प्रथा आपण बंद करावी. शिकलगार शस्त्र उजळत असे तेव्हा ते उद्या वापरायचे होते. आज त्या पात्यावरचा जुना गंज हाच त्याच्या वयाचा मुख्य पुरावा आहे. मिठाच्या पाण्यात भिजवून किंवा उकिरड्यात पुरून आणलेला गंज नारिंगी, भुसभुशीत आणि सगळीकडे सारखा असतो, बोटाला लागतो. दोन्ही पाती एकदा मशीनवर चमकली की त्यांतला हा फरक पुसला जातो, आणि त्याचा लाभ कुणाला होतो ते सांगायला नको. घरून आणलेल्या शस्त्रांना हलक्या तेलाचा हात पुरेसा असतो.

चौथी गोष्ट कायद्याची, आणि तिच्यातला विनोद मला दरवेळी नव्याने जाणवतो. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार १०० वर्षांपेक्षा जुन्या अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. त्यामुळे विक्रेता पावतीवर 'शोभेची वस्तू' किंवा 'प्रतिकृती' लिहितो आणि तोंडाने 'शिवकालीन' सांगतो. पावती खरी असेल तर आपले प्रमाणपत्र खोटे आहे, आणि प्रमाणपत्र खरे असेल तर विनापरवाना झालेल्या विक्रीला आपल्या शिक्क्याचा पुरावा जोडला गेला आहे. दोन्हींपैकी काय पत्करायचे, हे आपल्या कायदेशीर सल्लागारांना जरूर विचारावे. याच्या जोडीला असेही दिसते, की काही प्रदर्शनांत शस्त्राचा मालक, त्याला अस्सल ठरवणारा तज्ज्ञ आणि मागच्या दाराने त्याचा भाव सांगणारा मध्यस्थ हा एकच माणूस असतो.

आता कुणी म्हणेल, की कागद नाहीत म्हणून आमच्या पूर्वजांची शस्त्रे खोटी ठरवता काय? मुळीच नाही. आपल्याकडची शस्त्रे मोठ्या प्रमाणावर का नष्ट झाली, हे मला ठाऊक आहे. १८५७ नंतर शस्त्रे काढून घेतली गेली. तंजावरच्या भोसल्यांच्या शस्त्रागारातली निवडक शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयात पोचली आणि उरलेल्यांतला मोठा भाग भंगारात निघाला. दख्खनेतल्या ज्या शस्त्रांचा ठावठिकाणा खात्रीने सांगता येतो, त्यांतली कित्येक बिकानेरला आहेत, कारण अदोनीचा किल्ला पडल्यावर तिथल्या महाराजा अनुपसिंहाने ती बिकानेरला नेली आणि त्यांच्यावर ठिपके टोचून तशी नोंद केली (बनावटगिरी करणारे आता त्या ठिपक्यांचीही नक्कल करतात, हे ओघाने आलेच). इतके थोडे उरलेले असताना निनावी तलवारीला निनावी राहू देणे, हा तिचा अपमान नव्हे. वाघनखांचे उदाहरण आपल्यासमोर ताजे आहे. २०२४ च्या जुलैत ती साताऱ्याला आली. ती ज्या डबीत आहे तिच्यावर शिवाजी महाराजांचे नाव असूनही, ती महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खातरजमा करता आलेली नाही, असे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने आपल्या नोंदीत लिहून ठेवले आहे. त्यामुळे साताऱ्याची गर्दी एका माणसाने कमी झाली नाही. आपल्या पाटीवर 'अठरावे-एकोणिसावे शतक, मूठ नंतरची, मालकाच्या कुटुंबात तीन पिढ्या' असे लिहिले, तर आपलीही गर्दी कमी होणार नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. 'अस्सल शिवकालीन' किंवा तत्सम मजकुराची प्रमाणपत्रे देणे तत्काळ थांबवावे, आणि जी दिली गेली आहेत ती परत मागवल्याचे वर्तमानपत्रातून जाहीर करावे. मालकाला काही द्यायचेच असेल, तर शस्त्र अमुक तारखेला प्रदर्शनात मांडले होते एवढीच पोच द्यावी आणि तिच्यावर 'ही पोच म्हणजे सत्यतेचा वा काळाचा दाखला नव्हे' असे ठळक छापावे. शुल्क घेऊ नये.

पाटीवर चार गोष्टी असाव्यात : शस्त्राचा प्रकार, अंदाजे काळ, केलेले बदल आणि आधार. आधार म्हणजे मोडी कागद, सिलेखान्याची (शस्त्रागाराची) यादी, इनामपत्र किंवा घराण्याची तोंडी माहिती, जे असेल ते. तोंडी माहिती असेल तर 'तोंडी' असे लिहावे. ज्यांच्याकडे मोडी कागद आहेत त्यांना पुण्याचे पुराभिलेखागार किंवा भारत इतिहास संशोधक मंडळ यांसारख्या ठिकाणी वाचून घेण्यासाठी मदत करावी, कारण आपल्या कार्यकर्त्यांत मोडी वाचणारे पुष्कळ आहेत आणि हे काम त्यांना आवडेलही.

प्रतिकृती वेगळ्या टेबलावर मांडाव्यात. त्या मांडू नयेत असे माझे म्हणणे नाही. मुलांच्या हातात द्यायला त्याच योग्य, आणि खऱ्या लढाऊ तलवारीचे वजन साधारण एक ते दीड किलो असते, साठ किलो नव्हे, हेही त्यांना वजनाबरहुकूम केलेल्या प्रतिकृतीवरूनच कळेल.

ज्या पात्यावर नाव, साल, श्लोक किंवा राजचिन्ह आहे, ते शासकीय वा विश्वस्त संग्रहालयातील एका अभिरक्षकाने आणि धातूचे काम जाणणाऱ्या एका माणसाने, मालकाच्या समक्ष, भिंगाखाली पाहिल्याशिवाय मांडू नये. शंका उरली तर क्ष-किरणांची तपासणी हल्ली तंत्रशिक्षण संस्थांमध्ये होऊ शकते. मुठीच्या आतली शेपटी वेल्डिंगने जोडलेली आहे का, किंवा पोलादात आजच्या मिश्रधातूंचे घटक आहेत का, हे पाते न दुखावता कळते. शिवाय मांडवात खरेदी-विक्री किंवा भावाची बोलणी करणाऱ्याला, तो कितीही मोठा देणगीदार असला तरी, पुढच्या वर्षी जागा देऊ नये. टाक्यांचा हिशोब सांगणे स्वयंसेवकांनी थांबवावे, ही मागणी सर्वांत स्वस्त आहे आणि उद्यापासून अमलात आणता येईल.

यातले जे मला स्वतःला करता येईल, ते करायची माझी तयारी आहे. कोणत्याही मंडळाने प्रदर्शनाआधी बोलावल्यास मी माझ्या खर्चाने येईन, भिंग आणि सुया माझ्या असतील, आणि जे दिसेल ते मालकासमोरच सांगेन. माझी शस्त्रे मात्र प्रमाणपत्रे देणाऱ्या कोणत्याही प्रदर्शनाला यापुढे मिळणार नाहीत. ओळखीच्या इतर संग्राहकांनाही मी तशीच विनंती केली आहे आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी ती मान्य केली आहे. येत्या १९ फेब्रुवारीच्या प्रदर्शनांची आखणी आपण दिवाळीनंतर सुरू करता. त्याआधी आपला निर्णय लेखी आणि जाहीर कळावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक शस्त्रसंग्राहक